रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या किमती, क्रॅक आणि लायसन: कोल्हापुरातून सारखे येणारे प्रश्न

राजारामपुरीत माझा छोटा स्टुडिओ आहे. जोतिबाच्या यात्रेची गाणी, तालमींची (म्हणजे गल्लीतल्या मंडळांची) गाणी, देवीच्या आरत्या, निवडणुकीत प्रचाराच्या रिक्षांचा ऑडिओ, असं काम असतं, आणि काम घेऊन येणारी निम्मी पोरं जाताजाता सॉफ्टवेअरचं विचारतातच. व्हॉट्सॲपवर तर रोज एक तरी मेसेज असतोय. तेच तेच प्रश्न इथं एकत्र केलेत. किमती कंपन्यांच्या साइटवरच्या डॉलरमधल्या आहेत, रुपयांचा हिशेब एक डॉलर 90 रुपये धरून केलाय, आणि सेल लागला की आकडे बदलतात, त्यामुळं घेण्याआधी साइट एकदा बघाच.

1. रेकॉर्डिंगला नेमकं कुठलं सॉफ्टवेअर लागतंय? सगळं एकच असतं का?

दोन भाग असतात. एक मुख्य सॉफ्टवेअर, ज्यात तुम्ही आवाज घेता, कापता, जोडता, मिक्स करता: क्यूबेस, न्यूएन्डो, प्रो टूल्स, लॉजिक, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, रीपर, ही सगळी त्यातली. दुसरा भाग म्हणजे प्लगइन, म्हणजे त्याच्या आत बसणारे रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा), कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार सारखी करणारा), ऑटोट्यून (सूर दुरुस्त करणारा), ढोलकी-तबल्याच्या लायब्ररी (आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचे आवाज). खर्चाचं बोलताना लोक फक्त पहिल्याचं बोलतात, आणि घोळ दुसऱ्यात होतोय, कारण मुख्य सॉफ्टवेअर एकदाच घ्यायचं असतं पण प्लगइनची हाव संपत नाही.

2. ओरिजिनल घ्यायचं म्हटलं तर किती रुपये जातात?

सगळ्यात वरचं आधी सांगतो. एबलटन लाइव्ह स्वीट 749 डॉलर, म्हणजे 67 हजारांच्या वर, त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 79 हजारांच्या पुढं. क्यूबेस प्रो 580 डॉलरच्या आसपास, म्हणजे 52 हजार. प्रो टूल्स अल्टिमेट वर्षाला 599 डॉलर, आणि हे दरवर्षी. लॉजिक प्रो मॅकवर एकरकमी 200 डॉलर. एफएल स्टुडिओचं सगळ्यात छोटं व्हर्जन, फ्रूटी, 99 डॉलर, पण त्यात माईकवरून गाणं रेकॉर्ड करता येत नाही, फक्त बीट बनतात, हे न बघता घेतलेली पोरं मला दर महिन्याला भेटतात. आणि रीपर 60 डॉलर, म्हणजे 5,400 रुपये, जीएसटी लागला तर 6,400 च्या आत. रीपरचं महागडं कमर्शियल लायसन 225 डॉलरचं आहे, पण ते वर्षाला 20 हजार डॉलरपेक्षा जास्त कमाई असणाऱ्यांसाठी. आपल्या भागातल्या बहुतेक स्टुडिओंना 60 वालंच लागू होतं, आणि दोन्हीत सॉफ्टवेअर तेच असतं, एकही फीचर कमी नाही.

आता कमाई बघा. तालमीचं गाणं रेकॉर्ड करून, मिक्स करून अडीच-तीन हजारात द्या म्हणणारे लोक असतात. त्या हिशेबात स्वीट म्हणजे पंचवीस-तीस गाण्यांची पूर्ण कमाई, त्यात लाईटबिल नाही, भाडं नाही, ढोलकीवाल्याचं मानधन नाही. रीपर म्हणजे दोन-तीन गाणी. महाग-स्वस्त हे असं गाण्यांत मोजायचं, डॉलरात मोजलं की काहीच कळत नाही.

3. सगळे क्रॅकच वापरतात, मग मी एकट्यानं पैसे का घालू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा मोठं सांगतो. क्रॅक म्हणजे लायसनचं कुलूप तोडून फुकट वाटलेली बेकायदा कॉपी.

लोकांना वाटतं क्रॅक वापरला की मोठ्या कंपनीचं नुकसान होतं आणि तिला काय फरक पडतोय. माझ्या मते उलटं होतंय. क्रॅकच्या दुनियेत सगळ्याची किंमत शून्य असते, म्हणजे 749 डॉलरचं स्वीट पण शून्य आणि 60 डॉलरचं रीपर पण शून्य. मग दोन्ही एकाच भावात मिळत असताना पोरगं कुठलं उचलणार? ज्याचं नाव मोठं तेच. त्याच्यावर दोन वर्षं शिकणार, हात त्याच्यावर बसणार, मित्राला तेच देणार, आणि उद्या पैसे आले आणि ओरिजिनल घ्यावं वाटलं तरी तेच घेणार कारण दुसरं काही येत नाही. मोठ्या कंपनीला फुकटात शिकलेला कारागीर मिळाला. मार कुणी खाल्ला? ज्यानं आपल्याला परवडेल अशी किंमत ठेवली होती त्यानं. रीपर बनवणारी कोकोस ही अगदी मोजक्या माणसांची कंपनी आहे, विनॲम ज्यानं बनवलं त्या जस्टिन फ्रँकेलची, आणि सुरुवातीपासून त्यांनी किंमत हाताला लागेल अशीच ठेवलीय. असे लोक टिकले तर आपल्यासारख्यांना पर्याय राहणार.

म्हणून मी कुणाला 80 हजाराचं घे म्हणत नाही. परवडत नसेल तर ते वापरायचंच सोड, आणि परवडतंय ते घे किंवा खरोखर फुकट आहे ते घे (प्रश्न 7 बघा). क्रॅक स्वीटच्या जागी कायदेशीर रीपर आलं तरी गाणं ऐकणाऱ्याला काही फरक कळत नाही, हे मी छातीठोक सांगतो.

4. कंपन्यांनी किमती पाडल्या तर पायरसी थांबेल का?

बरीच कमी होते, पूर्ण थांबत नाही. लॉजिकचं बघा. ते बनवणारी एमॅजिक ही जर्मन कंपनी ॲपलनं 2002 ला घेतली. लॉजिक प्रो 7 ची किंमत 999 डॉलर होती आणि सोबत यूएसबीचा डोंगल (लायसनची किल्ली) लावावा लागायचा. 2007 ला लॉजिक स्टुडिओ 499 ला आलं, डोंगल काढून टाकला. डिसेंबर 2011 ला ॲप स्टोअरवर 200 डॉलरला. दहा वर्षांच्या आत किंमत पाचपट खाली. आज माझ्या ओळखीत मॅकवर काम करणाऱ्यांकडं क्रॅक लॉजिक जवळजवळ दिसत नाही, आणि हीच माणसं विंडोजवर होती तेव्हा एक सॉफ्टवेअर ओरिजिनल नव्हतं. एक बटण दाबलं, ॲपल आयडीवर आलं, अपडेट आपोआप, लॅपटॉप बदलला तरी परत मिळतं, एवढं सोपं झालं की क्रॅक शोधायचा त्रासच नको वाटतो. पण हे पण खरं की ॲपलला पैसे मॅक विकून मिळतात. नुसतं सॉफ्टवेअर विकून पोट भरणाऱ्याला असा भाव पाडता येत नाही.

डोंगलनं काय झालं तेही सांगतो, कारण "लॉक कडक करा" म्हणणारे पण असतात. क्यूबेसला कित्येक वर्षं यूएसबी डोंगल होता. क्रॅकवाल्याला त्याचा काही त्रास नव्हता, त्याच्या कॉपीतनं ते काढलेलंच असायचं. त्रास कुणाला, तर पैसे भरणाऱ्याला: डोंगल हरवला, पोर्ट खराब झालं, लाइव्ह प्रोग्रॅमला जाताना घरी राहिला, की विकत घेतलेलं सॉफ्टवेअर बंद. शेवटी 2022 ला क्यूबेस 12 पासून ते बनवणाऱ्या स्टाइनबर्गनं डोंगल काढला. पैसे भरणाऱ्याला चोरापेक्षा वाईट वागणूक मिळत असेल तर माणूस पैसे का भरेल, हा साधा प्रश्न आहे आणि त्या कंपन्यांना तो लय उशिरा कळला.

तिसरं उदाहरण केकवॉकचं. सोनार नावाचं सॉफ्टवेअर बनवायचे. गिब्सन गिटारवाल्यांनी 2013 ला कंपनी घेतली, 2017 च्या नोव्हेंबरात काम बंद केलं, आणि 2018 ला सिंगापूरच्या बँडलॅबनं विकत घेऊन तेच सॉफ्टवेअर फुकट दिलं. शेकडो डॉलरचं सॉफ्टवेअर रातोरात शून्यावर. तरीही इथली पोरं क्यूबेसचा क्रॅकच शोधत राहिली, कारण शिकवणारा क्यूबेसवर शिकवत होता आणि यूट्यूबवरचे हिंदी-मराठी व्हिडिओ दुसऱ्याच सॉफ्टवेअरचे होते. म्हणजे किंमत हे निम्मं कारण, उरलेलं सवय.

5. भारतासाठी वेगळी, कमी किंमत का ठेवत नाहीत?

गेमवाले ठेवतात, स्टीमवर रुपयात वेगळे भाव असतात. रेकॉर्डिंगवाले बहुतेक ठेवत नाहीत, त्यांना भीती अशी की इथून स्वस्तात घेऊन युरोप-अमेरिकेत विकतील. भीती खोटी नाही, पण त्यावर उपाय असतात, देशाप्रमाणं कार्ड तपासता येतं. मला वाटतं खरं कारण हे की आपल्याकडं गिऱ्हाईक आहे हेच त्यांना आकड्यात दिसत नाही, कारण आपले सगळे क्रॅकवर. आपण घेत नाही म्हणून ते भाव देत नाहीत, आणि ते भाव देत नाहीत म्हणून आपण घेत नाही. विद्यार्थ्यांची सूट मात्र आहे: एबलटन 40 टक्के कमी करतं, कॉलेजचं ओळखपत्र लागतं. शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकणाऱ्या पोरांनी हे आधी बघावं.

6. महिन्याच्या सबस्क्रिप्शननं स्वस्त पडत नाही का?

काम दर महिन्याला असेल तर पडतंय. आपलं काम सीझनचं आहे: चैत्रात जोतिबा, मग गणपती, नवरात्र, मध्ये निवडणूक लागली तर लागली. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन महिने रिकामे जातात तेव्हा पण हप्ता जातच असतो, आणि हप्ता थांबला की जुनी प्रोजेक्ट त्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडता येत नाहीत. म्हणून मी एकरकमीच्या बाजूचा.

मार्च 2023 ला वेव्हज या प्लगइनवाल्या कंपनीनं अचानक सांगितलं की आता प्लगइन विकत मिळणार नाहीत, फक्त सबस्क्रिप्शन. जगभरातनं एवढा आरडाओरडा झाला की काही दिवसांतच त्यांना परत विक्री चालू करावी लागली. गिऱ्हाईक बोललं तर कंपनी ऐकते, पण गिऱ्हाईक असायला लागतं.

मधला एक रस्ता चांगला आहे, भाड्यानं घेत घेत मालकीचं करणं. स्प्लाइस या साइटवर सीरम हा सिंथ (कॉम्प्युटरवर सूर तयार करणारं वाद्य) 2016 पासून महिना 10 डॉलरला मिळायला लागला, तेव्हा 189 डॉलर भरून झाले की कायमचा तुमचा व्हायचा, मध्ये पैसे नसतील तर थांबवता पण यायचं. आपल्या सीझनच्या कामाला ही पद्धत बरोबर बसते. हप्ता कटण्याच्या अडचणीसाठी प्रश्न 12 बघा.

7. फुकट आणि कायदेशीर असं काय आहे, ज्यात खरंच गाणं होतं?

फोनवर बँडलॅब, आयफोन किंवा मॅकवर गॅरेजबँड. कॉम्प्युटरवर प्रो टूल्स इंट्रो, 8 ऑडिओ ट्रॅकची मर्यादा आहे, पण गायक, हार्मोनियम, तबला, तानपुरा एवढं असेल तर आठात बसतंय. लिनक्सवर आर्डर. ऑडॅसिटी साधी आहे, निवेदन आणि रिक्षाच्या जाहिरातीला उत्तम. देवल क्लबसारख्या ठिकाणच्या मैफिलीचं दोन माईकवरचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर याहून जास्त काही लागत नाही, तिथं पैसे माईकवर घाला.

प्लगइनमध्ये व्हॅल्हल्ला सुपरमॅसिव्ह रिव्हर्बला, टीडीआर नोव्हा इक्यूला (आवाजातला जाड-बारीकपणा जमवायला), व्हायटल सिंथला, एमऑटोपिच सुराला, हे सगळं फुकट मिळतं. नवीन फोकसराइट स्कारलेट (माईक कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस) घेतलात तर सोबत एबलटन लाइव्ह लाइट येतं, कंपनीच्या साइटवर इंटरफेस रजिस्टर केला की, आणि निम्मे लोक रजिस्टर करतच नाहीत.

8. रीपर 60 दिवसांनंतर पण चालूच राहतं, मग ते फुकटच झालं की?

चालू राहतं, फुकट होत नाही. 60 दिवसांची चाचणी पूर्ण फीचरसकट असते, त्यानंतर उघडताना लायसन घ्या म्हणून खिडकी येते आणि थोडं थांबायला लावते, एवढंच. नियमानं 60 दिवसांनंतर वापरायचं तर पैसे भरायला पाहिजेत. त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकलाय, कुलूप घातलं नाही. पहिलं पैशाचं काम मिळालं की त्यातनं घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो, आणि बरीच पोरं घेतात पण. एकदा घेतलं की दोन मोठ्या व्हर्जनपर्यंत चालतं, म्हणजे 7 ला घेतलं तर 8 संपेपर्यंत.

9. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेलं गाणं परत उघडत नाही, काय करू?

ट्रायल तशीच आहे. सेव्ह होतं, पण ती फाइल लायसन घेतल्यावरच परत उघडते. गाणं गेलेलं नाही. तोपर्यंत एका बैठकीत काम संपवा आणि बंद करण्याआधी वेव्ह (.wav) ऑडिओ फाइल काढून घ्या. एफएलचा मोठा फायदा असा की एकदा घेतलं की पुढची सगळी व्हर्जन आयुष्यभर फुकट, 99 डॉलरपेक्षा वरचं व्हर्जन एकदाच कष्टानं घेतलं तर नंतर खर्च नाही.

10. क्रॅकमध्ये व्हायरस असतो म्हणतात, हे कंपन्यांनी उठवलेलं नाही ना?

नाही, पुराव्यानिशी आहे. जून 2019 ला ईसेट या अँटिव्हायरसवाल्या कंपनीनं लाउडमायनर नावाचा प्रकार पकडला. क्रॅक केलेल्या एबलटन, रीझन, सायलेन्थ, नेक्सस, ऑटोट्यून यांच्या सोबत तो यायचा आणि आत एक लपलेला व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालू करून तुमच्या मशीनवर क्रिप्टो खणायचा. असली 137 क्रॅक सॉफ्टवेअर त्यांना एका साइटवर सापडली. संगीतवाल्यांनाच का धरलं? कारण आपलं मशीन तगडं असतं, मिक्सिंगला प्रोसेसर तापलेलाच असतो, फाइल मोठ्या असतात, त्यामुळं काही वेगळं चाललंय हे कळतच नाही. पुढं 2020 ला मॅकवर इव्हिलक्वेस्ट आला, तो पण क्रॅक एबलटन आणि मिक्स्ड इन की मधनं, आणि त्यानं फाइलीच कुलूपबंद केल्या. क्रॅक टाकताना पहिली सूचना असते "अँटिव्हायरस बंद करा". घराचं दार उघडं टाकून झोपा म्हणण्यासारखं आहे ते.

11. पोलीस धरतात का? शिक्षा किती?

घरी शिकणाऱ्या पोराच्या दारात कुणी आलेलं मी ऐकलं नाही. पण कायदा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63 ब: माहीत असून सॉफ्टवेअरची बेकायदा कॉपी वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल तर कोर्ट कैद टाळून 50 हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. पैसे घेऊन रेकॉर्डिंग करणारा स्टुडिओ या सवलतीत बसत नाही. जीएसटी नंबर आहे, बोर्ड लावलाय, कंपन्यांना बिलं देता, आणि आत क्रॅक, असं असेल तर सगळ्यात आधी तुम्ही बदला.

12. घ्यायचंय हो, पण कार्डच चालत नाही. काय करायचं?

ही अडचण खरी आहे आणि यामुळं तयार गिऱ्हाईक परत क्रॅककडं जातंय, म्हणून मला याचा राग येतो. तीन गोष्टी बघा. नवीन कार्डवर परदेशी व्यवहार बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन "इंटरनॅशनल" चालू करा, मर्यादा लागेल तेवढीच ठेवा, काम झालं की परत बंद करा. दुसरं, रूपे कार्ड बऱ्याच परदेशी साइट घेत नाहीत आणि यूपीआय तर क्वचितच, म्हणून व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं, किंवा पेपॅल. तिसरं, ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं आपोआप कटणाऱ्या हप्त्याला आधी मंजुरी नोंदवावी लागते, बऱ्याच परदेशी कंपन्यांनी ती सोय केलेली नाही, म्हणून पहिला महिना जातो आणि दुसऱ्या महिन्याला हप्ता फेल होतो. एकरकमी खरेदीला ही तिसरी अडचण येत नाही.

13. टेलिग्रामवर एकजण दोन हजारात लाइफटाइम लायसन देतोय, पीसी असेंबल करणारा पण टाकून देतो म्हणाला. ते ओरिजिनल का?

नाही. साधी तपासणी: लायसन तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावानं, कंपनीच्या साइटवर तुमच्या खात्यात दिसलं पाहिजे. "अपडेट करू नका, नेट बंद ठेवून उघडा" असं कुणी सांगितलं की समजायचं क्रॅक आहे. दोन हजार देऊन क्रॅक घेण्यापेक्षा त्यात साडेतीन हजार घालून रीपर घेता येतंय हो.

14. क्रॅकवर केलेलं गाणं यूट्यूब उडवतं का? गाण्याचा हक्क जातो का?

गाणं तुमचं ते तुमचंच. सॉफ्टवेअर कुठलं होतं हे ऑडिओ फाइलवरनं यूट्यूब बघत नाही. स्ट्राइक किंवा क्लेम येतो तो लूपमुळं, म्हणजे वाद्याच्या तयार रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांमुळं. फुकट उतरवलेल्या लूप पॅकमधला ढोल-ताशा शंभर जणांनी वापरलेला असतो, त्यातला एकजण आपलं गाणं कंटेंट आयडीला (यूट्यूबची सारखा आवाज ओळखणारी यंत्रणा) घालतो आणि उरलेल्यांना क्लेम येतो. हलगी, घुमकं, कैताळ वाजवणारी माणसं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, त्यांना बोलवून माईकवर घ्या. आवाज पण आपला येतो आणि चार पैसे त्यांना मिळतात.

15. क्रॅक क्यूबेस 5 वर दहा-बारा वर्षं काम चाललंय, अडचण काहीच नाही. बदलू का?

अडचण तुमच्याकडं नाही, दुसऱ्याकडं जाताना आहे. परवाच इचलकरंजीचा एक मुलगा असंच प्रोजेक्ट घेऊन आला, उघडलं तर अर्धे ट्रॅक गप्प. प्लगइन सगळे कुठल्यातरी क्रॅक बंडलमधले, 32 बिटचे, आताच्या मशीनवर चालतच नाहीत, आणि मूळ मशीन विकून टाकलेलं. गायकाला परत बोलवावं लागलं. 2009 चं सॉफ्टवेअर आहे ते, लायसन नाही म्हणून अपडेट नाही. बदला किंवा नका बदलू, पण आज बसून प्रत्येक जुन्या गाण्याचा प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत 24 बिट वेव्हमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा. वेव्ह फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

16. कॉन्टॅक्ट प्लेअर फुकट आहे म्हणून घेतला, पण ढोलकीची लायब्ररी 15 मिनिटांनी बंद पडते. क्रॅक टाकावा लागेल का?

नाही. कॉन्टॅक्ट म्हणजे वाद्यांच्या लायब्ररी वाजवणारं प्लगइन. त्याच्या फुकट प्लेअरमध्ये फक्त त्याच्यासाठी लायसन केलेल्या लायब्ररी पूर्ण चालतात, बाकीच्या 15 मिनिटं डेमो म्हणून चालतात, त्यांना पूर्ण कॉन्टॅक्ट लागतो. विकत घेण्याआधी लायब्ररीच्या पानावर "प्लेअरमध्ये चालते" असं लिहिलंय का बघा. घेऊन बसला असाल तर त्या 15 मिनिटांत वाजवून तो ट्रॅक लगेच ऑडिओत काढा, डेमो परत चालू करता येतो. त्रासाचं आहे पण क्रॅक लागत नाही.

17. सेकंडहँड इंटरफेस घेतला, सोबतचं सॉफ्टवेअर मला मिळेल का?

आधीच्या मालकानं रजिस्टर केलं असेल तर ते त्याच्या खात्यावर असतं, आपोआप तुमचं होत नाही. घेतानाच त्याला विचारा, आणि कंपनीला मेल टाकून नाव बदलतंय का बघा. बदलत नसेल तर भावात तेवढं कमी करून घ्या.

18. आमच्या क्लासमध्ये दहा कॉम्प्युटर आहेत, मुलांना कशावर शिकवू?

क्लासवाल्यांनो, तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे (का ते प्रश्न 3 आणि 4 मध्ये). रीपर शिक्षणसंस्थांना 60 डॉलरच्या भावातच मिळतं, जास्त मशीनसाठी त्यांना मेल करून विचारा. तेवढंही नको असेल तर प्रो टूल्स इंट्रोवर सुरुवात करा. पहिल्या दिवशी मुलांकडून स्वतःचं खातं, स्वतःच्या ईमेलवर, कंपनीच्या साइटवरनंच उघडून घ्या, आणि कोर्सच्या फीमध्ये रीपरचे पैसे धरून शेवटी प्रत्येकाच्या नावाचं लायसन हातात द्या. फी पाच-सहा हजारानं वाढते, पण मुलगा घरी जाऊन त्याच सॉफ्टवेअरवर दुसऱ्या दिवशीपासून काम करतोय.